निर्यात विक्री निगमांची मत्ता व करनियम

परदेशी ग्राहकांना माल विकणे हे ज्यांचे प्रमुख कार्य आहे, अशा कंपन्या वा निगम आणि त्यांच्यासाठी माल तयार करणारे कारखाने यांच्या ताब्यातील यंत्रसामग्री, जमीन, इमारती, मालसाठा, येणी, बँकठेवी इ. मत्तेला व त्या मत्तेपासून मिळणाऱ्या उत्पन्नाला लागू होणारे करविषयक नियम. प्राप्तिकर, सीमाशुल्क, संपत्तिकर व अलीकडे वस्तू व सेवा कर अशा निरनिराळ्या कायद्यांत हे नियम विखुरलेले आहेत. तथापि त्या सर्वांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. निर्यातीस दिलेली सवलत निर्यातीपुरतीच राहावी, ती अन्य व्यवहारांत झिरपू नये, यासाठी अमुक एक मत्ता निर्यातीच्या कामी आहे किंवा नाही हे कसे ठरवावयाचे, हा तो प्रश्न होय.

प्रश्नाचे स्वरूप : परकीय चलन मिळावे म्हणून शासन निर्यातदारास करात सूट देते. परंतु निर्यातदाराची तिजोरी एकच असते. परदेशातून आलेला पैसा तो नव्या यंत्रात घालू शकतो, तसाच तो मुदत ठेवीत ठेवू शकतो किंवा त्यातून भाड्याने देण्याजोगी इमारतही घेऊ शकतो. एकाच यंत्रावर सकाळच्या पाळीत परदेशी मागणीचा माल निघतो व रात्रपाळीत स्थानिक बाजाराचा. अशा स्थितीत सरसकट सूट दिल्यास निर्यातीच्या नावाखाली भाडे व व्याजही करमुक्त होते. आणि फार कठोर कसोटी लावल्यास खऱ्या निर्यातदाराची सूटही हातची जाते. या दोन टोकांमधून वाट काढण्याच्या मुख्यतः तीन रीती आढळतात : (१) ताळेबंदातील मत्तेची छाननी करणे, (२) नफा-तोटा पत्रकातील उत्पन्नाची विभागणी करणे व (३) प्रत्यक्ष वस्तूचाच माग ठेवणे. पहिली रीत अमेरिकेने अवलंबिली. भारताच्या प्राप्तिकर कायद्याने दुसरी व सीमाशुल्क व्यवस्थेने तिसरी स्वीकारली.

ताळेबंदाची कसोटी : अमेरिकेच्या १९७१ च्या महसूल अधिनियमाने निर्यात विक्रीसाठी एक खास प्रकारची कंपनी निर्माण केली. ‘डिस्क’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाई. ही कंपनी बहुधा एखाद्या उत्पादक कंपनीचीच उपकंपनी असे व तिचे भागभांडवल अवघे २,५०० डॉलर असले तरी चालत असे. तिच्या स्वतःच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नव्हता. नफ्याचा काही भाग भागधारकांस वाटला गेला असे मानून त्यावर त्यांच्याकडून कर घेतला जाई व उरलेल्या भागावरील कर लांबणीवर पडत असे. या लाभासाठी मुख्य अटी दोन होत्या. तिच्या एकूण जमेपैकी किमान ९५ टक्के जमा निर्यातीची असली पाहिजे आणि वर्षाअखेरीस तिच्या एकूण मत्तेपैकी किमान ९५ टक्के मत्ता ‘पात्र निर्यात मत्ता’ असली पाहिजे.

निर्यातीसाठी ठेवलेला अमेरिकी बनावटीचा माल, तो साठविण्यासाठी, वाहून नेण्यासाठी, बांधणीसाठी वा दुरुस्तीसाठी मुख्यत्वे वापरली जाणारी साधने, निर्यात विक्रीची येणी, व्यवसायास रास्त प्रमाणात लागणारे खेळते भांडवल आणि उत्पादक कंपनीस निर्यातमालाच्या उत्पादनासाठी दिलेली कर्जे यांचा पात्र मत्तेत समावेश होई. एखाद्या निगमाची वर्षाअखेरीची मत्ता १० लाख डॉलर असून त्यांपैकी ६०,००० डॉलर त्याने निर्यातीशी संबंध नसलेल्या घरजागेत गुंतविले असतील, तर पात्र मत्तेचे प्रमाण ९४ टक्क्यांवर येई व कसोटी हुकत असे. मात्र अपात्र मत्तेएवढी रक्कम भागधारकांना वाटून टाकून दोष दूर करण्याची सोय, चूक सकारण असल्यास, कायद्यात होती. वाटलेल्या रकमेवर भागधारक कर देत, म्हणजे निर्यातीबाहेर गेलेला पैसा पुन्हा करकक्षेत येई.

ही योजना आंतरराष्ट्रीय व्यापार करारात बसत नाही, अशी तक्रार यूरोपीय राष्ट्रांनी केली. ‘गॅट’च्या तज्ञमंडळाने १९७६ मध्ये अमेरिकेविरुद्ध मत दिले व त्याचा अहवाल १९८१ मध्ये स्वीकृत झाला. त्यानंतर १९८४ च्या कायद्याने ‘विदेश विक्री निगम’ ही नवी योजना आली. तीही जागतिक व्यापार संघटनेने २००० मध्ये निषिद्ध अनुदान ठरविली. तिच्या जागी आणलेल्या कायद्याचीही तीच गत झाली आणि २००४ मध्ये अमेरिकेने ती सवलत रद्द केली. लांबविलेल्या करावर व्याज आकारणारा ‘डिस्क’चा मर्यादित अवतार तेवढा त्या देशात टिकून आहे.

नफ्याची विभागणी : भारतात १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमात १९८३ साली ८०-एचएचसी हे कलम घालण्यात आले. आरंभी वजावट निर्यात उलाढालीशी व तिच्या वाढीशी निगडित होती. १९८९-९० या करनिर्धारण वर्षापासून निर्यातीचा संपूर्ण नफा वजावटीस पात्र ठरला. हा नफा मोजण्याचे सूत्र उत्पादक-निर्यातदारांसाठी सोपे होते : व्यवसायाच्या नफ्यास निर्यात उलाढालीने गुणून एकूण उलाढालीने भागावयाचे. विक्रीची रक्कम परिवर्तनीय परकीय चलनात ठराविक मुदतीत देशात आणणे व लेखापालाचा दाखला जोडणे या त्यास जोडलेल्या अटी होत.

भारतीय कायद्याने ताळेबंदातील मत्ता तपासली नाही. अपात्र मत्ता बाळगल्याबद्दल संपूर्ण सवलत काढूनही घेतली नाही. त्याने त्या मत्तेचे उत्पन्न बाजूला काढले. वरील सूत्रातील ‘व्यवसायाचा नफा’ ठरविताना त्यात समाविष्ट असलेल्या व्याज, भाडे, दलाली व तत्सम जमेचा ९० टक्के भाग वगळावा, असे कलमाच्या स्पष्टीकरणात नमूद होते. उरलेले १० टक्के हे उत्पन्न मिळविण्यासाठी झालेल्या खर्चापोटी राहू दिले जात. जे व्याज वा भाडे व्यवसायाचे उत्पन्नच नव्हे, ते अर्थातच मुळातून बाहेर राही.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याची एकूण उलाढाल ५ कोटी रु. असून त्यांपैकी ३ कोटी रु. निर्यातीचे आहेत. व्यवसायाचा नफा ५० लाख रु. असून त्यात बँकठेवींवरील ४ लाख रु. व्याज व शेडचा मोकळा भाग दुसऱ्यास दिल्याचे ६ लाख रु. भाडे अंतर्भूत आहे. सर्व नफा धरला, तर वजावट ३० लाख रु. येते. परंतु १० लाख रुपयांच्या ९० टक्के म्हणजे ९ लाख रु. वगळल्यावर नफा ४१ लाख रु. उरतो व वजावट २४·६० लाख रु. होते. निर्यातीस न लागलेल्या मत्तेमुळे ५·४० लाख रुपयांची वजावट कमी झाली.

येथे दीर्घकाळ चाललेला एक वाद उद्भवला. वगळावयाचे ते ढोबळ व्याज व भाडे, की ते मिळविण्यासाठी झालेला खर्च वजा जाता उरणारी रक्कम ? वरील कारखान्याने भाड्याच्या भागावर २ लाख रु. खर्च केला असेल आणि ठेवी ज्या कर्जातून ठेवल्या, त्यावर ३ लाख रु. व्याज दिले असेल, तर निव्वळ जमा ५ लाख रु. राहते, तिचे ९० टक्के, म्हणजे ४·५० लाख रु. वगळल्यास वजावट २७·३० लाख रु. होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एसीजी असोसिएटेड कॅप्सूल्स या प्रकरणात निव्वळ रकमेच्या बाजूने निर्णय दिला. परंतु तोवर हे कलम निष्प्रभ होऊन काही वर्षे उलटली होती. ज्या छोट्या कारखानदाराने करनिर्धारण मान्य करून प्रकरण मिटविले होते, त्याला या निर्णयाचा उपयोग उरला नव्हता. अपिलाचा खर्च सोसण्याची ऐपत ही या सवलतीची एक अलिखित अटच होऊन बसली होती.

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातील स्थिती : मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर एकापाठोपाठ वसलेली ही तीन शहरे ठाणे जिल्ह्यातील औद्योगिक पट्ट्याचा महत्त्वाचा भाग आहेत. कल्याणजवळील लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना वसविण्यात आले व १९४९ मध्ये त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील उद्योग मुख्यत्वे लहान जागेत, कुटुंबाच्या श्रमावर व उधारीच्या भांडवलावर उभे राहिले. तयार कपडे, विशेषतः जीन्सची शिलाई, हा त्यांतील एक ठळक व्यवसाय. अंबरनाथला आयुध निर्माणी व यांत्रिक हत्यारांचा सरकारी कारखाना यांच्याबरोबरच १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीत अभियांत्रिकी व रासायनिक कारखाने आले. बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतही रासायनिक कारखाने आहेत. मुंबईच्या व्यापारी पेढ्या व बंदर जवळ असल्यामुळे आणि १९८९ पासून न्हावाशेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यामुळे या भागातील माल परदेशी जाणे सुकर झाले.

तथापि माल करणारा आणि निर्यातदार हे येथे पुष्कळदा निराळे असतात. यंत्र उल्हासनगरच्या गाळ्यात चालते, परंतु परदेशी ग्राहकाचे मागणीपत्र मुंबईतील निर्यातगृहाच्या नावे असते. यंत्रसामग्री ही मत्ता एकाची व परकीय चलन दुसऱ्याचे, अशी ही विभागणी आहे. करसवलत कोणाची, हा प्रश्न त्यामुळे अटळ ठरतो.

८०-एचएचसी कलमाने याचे उत्तर ‘साहाय्यक उत्पादक’ या कल्पनेत शोधले. मान्यताप्राप्त निर्यातगृहास वा व्यापारगृहास माल विकणाऱ्या उत्पादकास, त्या मालाच्या निर्यातीवरील वजावटीचा हक्क निर्यातगृहाने दाखल्याद्वारे सोडून दिल्यास, ती वजावट मिळू शके. त्याला रक्कम रुपयांत मिळाली तरी हरकत नसे. निर्यातगृहाची वजावट तेवढ्या प्रमाणात कमी होई. निर्यातगृहाने मालाच्या किंमतीबरोबर दिलेले अधिमूल्य हाही विक्रीकिंमतीचाच भाग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये बेबी मरीन एक्स्पोर्ट्स प्रकरणात ठरविल्यामुळे साहाय्यक उत्पादकाची बाजू भक्कम झाली. पण दाखला देणे वा न देणे निर्यातगृहाच्या मर्जीवर होते आणि भाव ठरविताना तो दाखला हाच सौद्याचा विषय होऊ शकत होता.

याहून बिकट स्थिती मजुरीवर काम करणाऱ्यांची होती. साहाय्यक उत्पादकाने माल ‘विकला’ पाहिजे, असे कलमाचे शब्द होते. निर्यातदाराने कापड, दोरा व गुंड्या पुरवावयाच्या आणि गाळेधारकाने नगामागे शिलाई घ्यावयाची, या पद्धतीत माल कधी गाळेधारकाच्या मालकीचा होतच नाही. त्यामुळे तो विकलाही जात नाही. अशा गाळेधारकाची यंत्रे वर्षभर केवळ निर्यातीचा माल शिवत असली, तरी त्याच्या उत्पन्नास निर्यातीची वजावट नव्हती. यंत्राचा घसारा, जागेचे भाडे, कर्जावरील व्याज हा नेहमीचा खर्च तेवढा त्याला वजा करता येई. अमेरिकी ताळेबंदाच्या कसोटीवर ज्या मत्तेचा निर्यातीशी संबंध सहज दिसला असता, ती भारतीय सूत्रात अदृश्य राहिली.

स्वतः निर्यात करून फावल्या वेळात इतरांचे मजुरीकाम करणाऱ्या कारखान्यासही झळ पोहोचत असे. के. रवींद्रनाथन नायर या काजू निर्यातदाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये असा निर्णय दिला, की प्रक्रियेबद्दल मिळणारी मजुरी हे स्वतंत्र उत्पन्न असून तिचा ९० टक्के भाग नफ्यातून वगळावयाचा आणि ती एकूण उलाढालीतही धरावयाची. परिणामी सूत्राचा अंश घटे व छेद वाढे. रिकामे यंत्र चालते ठेवून कामगारांना काम देणाऱ्या कारखान्याची वजावट यामुळे दोन्ही बाजूंनी कमी होत असे.

नव्या व जुन्या यंत्रांचा भेद : मुक्त व्यापार क्षेत्रांतील कारखान्यांसाठी १९८१ साली कलम १०-ए व संपूर्ण निर्यातलक्षी कारखान्यांसाठी १९८८ च्या वित्त अधिनियमाने कलम १०-बी आले. मुंबईतील सांताक्रुझचे इलेक्ट्रॉनिकी निर्यात क्षेत्र १९७३ पासून कार्यरत होते. मात्र निर्यातलक्षी कारखाना अशा क्षेत्राबाहेरही, म्हणजे अंबरनाथ-बदलापूरसारख्या ठिकाणीही, काढता येत असे. या कलमांत मत्तेविषयी स्पष्ट अट होती. आधीच्या धंद्याचे तुकडे वा पुनर्रचना करून नवा कारखाना झालेला नसावा आणि पूर्वी वापरलेली यंत्रसामग्री त्यात हलविलेली नसावी. जुन्या यंत्रांचे मूल्य एकूण यंत्रसामग्रीच्या २० टक्क्यांपर्यंत असल्यास ते क्षम्य होते. परदेशात वापरलेले पण भारतात पूर्वी न वापरलेले आयात यंत्र ठराविक अटींवर नवे मानले जाई. जुना कारखाना नाव बदलून करमुक्त होऊ नये, हा यामागील हेतू होय. मात्र चालू कारखान्याचे रीतसर निर्यातलक्षी कारखान्यात रूपांतर झाल्यास सवलतीच्या १० वर्षांपैकी उरलेल्या काळासाठी वजावट मिळेल, असा खुलासा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २००५ मध्ये केला.

घसाऱ्याबाबतही एक सूक्ष्म नियम होता. करमुक्तीच्या वर्षांत कारखानदाराने घसारा मागितला नाही, तरी तो दिला गेला असेच मानून यंत्राचे शेष मूल्य काढले जाई. म्हणजे करमुक्ती संपल्यावर नव्या यंत्राच्या पूर्ण किंमतीवर घसारा घेऊन पुन्हा कर वाचविता येत नसे. औद्योगिक वसाहतीतील भूखंडाच्या बाबतीत तर घसाऱ्याचा प्रश्नच उद्भवत नाही. औद्योगिक विकास महामंडळ भूखंड सामान्यतः ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. त्यासाठी भरलेले अधिमूल्य भांडवली खर्च मानले जाते व जमिनीवर घसारा मिळत नाही. वसाहतीत येणाऱ्या लहान उद्योजकाच्या भांडवलाचा मोठा हिस्सा अशा रीतीने करवजावटीच्या बाहेर राहतो.

कलमे १०-ए व १०-बी यांची वजावट २०१२-१३ या करनिर्धारण वर्षापासून बंद झाली. विशेष आर्थिक क्षेत्रांच्या २००५ च्या अधिनियमाबरोबर कलम १०-एए आले. त्यात पहिली ५ वर्षे संपूर्ण व पुढील ५ वर्षे निम्मी वजावट होती. त्यापुढील ५ वर्षांत नफ्याच्या ५० टक्क्यांपर्यंतची जी रक्कम कारखाना पुनर्गुंतवणूक राखीव निधीत जमा करील, तेवढीच वजावट मिळे. या निधीतून ३ वर्षांच्या आत नवी यंत्रसामग्री घेऊन वापरात आणली पाहिजे. तोवर ती रक्कम व्यवसायात खेळविता येते, परंतु तिच्यातून लाभांश देता येत नाही व परदेशात मत्ता घेता येत नाही. अटीचा भंग झाल्यास ती रक्कम करपात्र ठरते. मत्तेचे उत्पन्न वगळण्याऐवजी उत्पन्नापासून योग्य ती मत्ता निर्माण करावयास लावणारा हा नियम होय. २०२० नंतर नव्याने सुरू होणाऱ्या कारखान्यांना ही वजावट राहिलेली नाही.

वस्तूचा माग : सीमाशुल्काची रीत याहून प्रत्यक्ष आहे. निर्यातलक्षी कारखान्यास भांडवली वस्तू शुल्काविना आणता येतात; त्या मान्यताप्राप्त आवारातच राहिल्या पाहिजेत व त्यांचा हिशेब ठेवला पाहिजे. कारखान्यास योजनेतून बाहेर पडावयाचे असल्यास त्या वस्तूंच्या घटलेल्या मूल्यावर शुल्क भरावे लागते. २००३ च्या अधिसूचनेनुसार हे मूल्य, संगणकांव्यतिरिक्त अन्य भांडवली वस्तूंसाठी, पहिल्या वर्षी दर तिमाहीस ४ टक्के, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी ३ टक्के, चौथ्या व पाचव्या वर्षी २·५ टक्के आणि पुढे २ टक्के याप्रमाणे कमी केले जाते. अशा रीतीने ५ वर्षांनी ४० टक्के मूल्य शुल्कपात्र राहते. प्राप्तिकरासाठी त्याच यंत्रावर दरसाल शेष मूल्याच्या १५ टक्के या सर्वसाधारण दराने घसारा घेतल्यास ५ वर्षांनी सु. ४४ टक्के मूल्य उरते. एकाच यंत्राची दोन कायद्यांच्या वह्यांत दोन मूल्ये असतात, ती अशी.

निर्यात प्रोत्साहन भांडवली वस्तू योजनेत यंत्र शुल्काविना आणून वाचलेल्या शुल्काच्या ६ पट निर्यात ६ वर्षांत करावी लागते. ती अपुरी राहिल्यास त्या प्रमाणात शुल्क व्याजासह भरावे लागते आणि जबाबदारी पूर्ण होईपर्यंत यंत्र विकता येत नाही. या योजनेत व्यापारी निर्यातदार आपल्याशी संलग्न असलेल्या साहाय्यक उत्पादकाच्या जागेत यंत्र बसवू शकतो. त्यासाठी उत्पादकाचे नाव परवान्यात असावे लागते व निर्यातपत्रांवरही दोघांची नावे यावी लागतात. यंत्र ज्याच्या गाळ्यात आहे, त्याची नोंद कायद्याने घेतली, ही यातील जमेची बाजू. पण परदेशी मागणी आटली, तर यंत्र गाळ्यात अडकून पडते आणि शुल्काची टांगती तलवार व्यवसायावर राहते.

संपत्तिकर व वस्तू आणि सेवा कर : १९५७ च्या संपत्तिकर अधिनियमाची व्याप्ती १९९३ पासून अनुत्पादक मत्तेपुरती सीमित झाली. कारखाना, यंत्रे व मालसाठा यांना त्यातून मुक्तता मिळाली. नागरी जमीन, मोटारी, जडजवाहीर यांसारख्या मत्तेवर कर राहिला. औद्योगिक कारणासाठी घेतलेली पण न वापरलेली जमीन खरेदीपासून २ वर्षेपर्यंत करमुक्त असे. त्यानंतर रिकामा भूखंड करपात्र ठरू शके. हा कर २०१५ मध्ये रद्द झाला.

वस्तू व सेवा करात (२०१७ पासून) निर्यातीवर शून्य दर आहे व निर्यातमालासाठी भरलेल्या कराचा परतावा मिळतो. येथेही मत्तेचा भेद पाळला जातो. हमीपत्र देऊन कर न भरता निर्यात केल्यास कच्चा माल व सेवा यांवरील कर परत मिळतो, परंतु भांडवली वस्तूंवरील कर परताव्याच्या सूत्रात धरला जात नाही. कर भरून निर्यात करणारा मात्र यंत्रावरील कराची जमा त्या करासाठी वापरून नंतर भरलेल्या कराचा परतावा घेऊ शकतो. नवे यंत्र घेणाऱ्या लहान निर्यातदाराने मार्ग निवडताना हा फरक ध्यानात घेणे अगत्याचे ठरते.

सवलतींचा अस्त : ८०-एचएचसीची वजावट २००० च्या वित्त अधिनियमाने टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आली. २००१-०२ या करनिर्धारण वर्षात ८० टक्के, नंतर अनुक्रमे ७०, ५० व ३० टक्के अशी ती उतरत जाऊन २००५-०६ पासून संपुष्टात आली. याच सुमारास २००५ च्या दुरुस्ती अधिनियमाने निर्यातीपोटी मिळालेल्या शुल्क-जमापत्रांच्या विक्रीवरील नफ्याबाबत, १० कोटी रुपयांहून अधिक निर्यात उलाढाल असलेल्यांवर, १९९८ पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने नव्या अटी लादल्या. जे हिशेब मिटले असे निर्यातदारांनी धरले होते, ते पुन्हा उघडले. गुजरात उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये आव्हानी एक्स्पोर्ट्स नव्हे, तर अवनी एक्स्पोर्ट्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात हा पूर्वलक्षी भाग अमान्य केला व सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तो निर्णय सारतः कायम ठेवला.

आंतरराष्ट्रीय दडपणही वाढत गेले. दरडोई उत्पन्नाची मर्यादा ओलांडल्यामुळे भारताला निर्यात अनुदानांबाबतची विशेष सूट उरली नाही, असे प्रतिपादून अमेरिकेने २०१८ मध्ये तक्रार केली. जागतिक व्यापार संघटनेच्या तज्ञमंडळाने ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी निर्यातलक्षी कारखाने, विशेष आर्थिक क्षेत्रे व भांडवली वस्तू योजना यांतील सवलती कराराशी विसंगत ठरविल्या. भारताने अपील केले. तथापि अपील मंडळच सदस्यांअभावी ठप्प झाल्यामुळे ते अनिर्णित राहिले. ज्या देशाच्या ‘डिस्क’ योजनेस एकेकाळी निषिद्ध ठरविण्यात आले, तोच या खटल्यात फिर्यादी होता.

समारोप : प्राप्तिकराचा कल आता निर्यातीच्या खास सवलतीकडून सर्वांसाठी कमी दराकडे झुकला आहे. २०१९ मध्ये कंपन्यांना बहुतेक वजावटी सोडून देण्याच्या अटीवर २२ टक्के मूळ दराचा पर्याय देण्यात आला. ३१ मार्च २०२४ पर्यंत उत्पादन सुरू करणाऱ्या नव्या उत्पादक कंपन्यांसाठी हा दर १५ टक्के होता व तेथेही जुन्या यंत्रांची २० टक्क्यांची मर्यादा पुन्हा आढळते. त्यामुळे निर्यात मत्तेची कसोटी आता प्रामुख्याने सीमाशुल्क आणि वस्तू व सेवा कर यांच्या क्षेत्रात उरली आहे. सु. पाच दशकांच्या या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट होते. कायद्याने निर्यातदार ओळखला तो बहुधा परकीय चलनाच्या नोंदीवरून. ज्या यंत्रावर माल निघाला, त्या यंत्राच्या मालकापर्यंत सवलत पोहोचली ती दाखल्याच्या व मालकीच्या शब्दांतून वाट काढीत, आणि मजुरीने काम करणाऱ्यापर्यंत ती बहुधा पोहोचलीच नाही. उल्हासनगर-अंबरनाथसारख्या भागात, जेथे निर्यातीची मत्ता अनेक लहान गाळ्यांत विखुरलेली आहे, तेथे करनियमांचे मूल्यमापन करताना हा निकष दृष्टिआड करता येत नाही.